आईच्या दुधातली सायटोकाइन्स बाळाच्या पोटात पचून का जात नाहीत?

प्रश्न – शांतनिळी

मी पूर्वी महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत असे आणि सध्या साडेतीन महिन्यांच्या मुलीची आई आहे, त्यामुळे हा प्रश्न अर्धा अभ्यासाचा आणि अर्धा घरचा आहे. आईच्या दुधातील प्रतिपिंडांचे, म्हणजे मुख्यतः स्रावी आयजीएचे काम मला नीट ठाऊक आहे. ते आतड्याच्या अस्तरावर पसरतात, जंतूंना चिकटतात आणि त्यांना पेशींपर्यंत पोहोचू देत नाहीत. अलीकडे दुधातील सायटोकाइन्सविषयी वाचू लागले आणि तेव्हापासून मात्र डोक्यात गोंधळ माजला आहे.

रोगप्रतिकार यंत्रणेच्या पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी जी लहान प्रथिने सोडतात ती सायटोकाइन्स, एवढी व्याख्या मला पाठ आहे. पण प्रथिने पोटात गेली की त्यांचे तुकडे होतात. इन्सुलिन गोळीच्या रूपात देता येत नाही त्याचे मुख्य कारण हेच, असे मीच वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना सांगत आले. मग दुधातून गेलेला निरोप बाळाच्या आतड्यापर्यंत शाबूत पोहोचतो, हे कशाच्या आधारावर म्हणायचे?

दुसरी अडचण अशी की, दुधात सापडणाऱ्या सायटोकाइन्सच्या यादीत इंटरल्यूकिन-१० आणि टीजीएफ-बीटा ही दाह शमवणारी नावे आहेत आणि त्याच यादीत टीएनएफ-आल्फा, इंटरल्यूकिन-१ बीटा, इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८ ही दाह पेटवणारी नावेही आहेत. विस्तव आणि पाणी एकाच भांड्यातून पाठवण्यात शरीराचा काय हेतू असावा?

तिसरा मुद्दा घरचा आहे. मागच्या महिन्यात मला स्तनदाह झाला होता. त्या वेळी ओळखीच्या एका अनुभवी बाईंनी ‘दुधात दाह उतरतो, ते दूध बाळाला पाजू नका’ असे ठामपणे सांगितले आणि मी दोन दिवस त्या बाजूचे दूध काढून फेकून दिले. ते योग्य होते का? शिवाय पंपाने काढलेले दूध मी डीप फ्रीजमध्ये साठवते, त्यात हे निरोप टिकतात का, हेही कळले तर बरे होईल.

उत्तर – सूक्ष्मदर्शी

आपला पहिला प्रश्न मला सर्वांत आवडला, कारण दुधातील सायटोकाइन्सविषयी उत्साहाने लिहिणारे बरेच जण तो टाळून पुढे जातात. मी प्रतिकारशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो. स्तनपान हा माझा थेट विषय नाही, पण आतड्याची प्रतिकारयंत्रणा आहे, म्हणून त्या बाजूने लिहितो.

इन्सुलिनची उपमा प्रौढाच्या पोटाला लागू पडते, तान्ह्या बाळाच्या पोटाला तितकी नाही. प्रौढाच्या जठरात आम्लता तीव्र असते आणि प्रथिने तोडणारे पेप्सिन हे विकर (एन्झाइम) साधारण २ सामूला (पीएच; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) सर्वांत जोमाने चालते. बाळाच्या जठरात आम्ल कमी झिरपते, त्यावर दूध येऊन पडले की सामू ५ ते ६ च्या आसपास चढतो आणि बराच वेळ तसाच राहतो, त्यामुळे पेप्सिन जवळपास बसून असते. स्वादुपिंडाची विकरेही सुरुवातीचे काही महिने पूर्ण ताकदीने येत नाहीत. त्यात दूध स्वतःच अल्फा-१ अँटिट्रिप्सिनसारखी, प्रथिने तोडणाऱ्या विकरांना रोखणारी प्रथिने घेऊन येते. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शौचात आईचे स्रावी आयजीए आणि लॅक्टोफेरिन शाबूत सापडते. या दोन प्रथिनांची घडण मुळात चिवट आहे हे खरे, पण तोंडापासून गुदद्वारापर्यंतचा सगळा प्रवास करूनही एखादे प्रथिन टिकू शकते, हे त्यावरून दिसते. सायटोकाइन्सना तेवढाही प्रवास करायचा नसतो, कारण ज्यांना निरोप द्यायचा त्या पेशी लहान आतड्याच्या अस्तरातच बसलेल्या असतात.

आता टीजीएफ-बीटाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण दुधातील सायटोकाइन्समध्ये सर्वांत भरपूर तेच आहे. इतर बहुतेक सायटोकाइन्स दर मिलिलिटरला पिकोग्रॅममध्ये मोजावी लागतात, तर हे नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे हजारपट मोठ्या एककात मोजले जाते. त्याच्या तीन प्रकारांपैकी दुधात टीजीएफ-बीटा-२ प्रामुख्याने असते. ते एका आवरण-प्रथिनात बांधलेल्या, निष्क्रिय अवस्थेत येते, म्हणजे पाकीट बंद करूनच निरोप पाठवलेला असतो आणि जठरातील आम्लामुळे ते पाकीट उघडते. उघडल्यावर ते दोन महत्त्वाची कामे करते. आतड्यातील, प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशींना आयजीए बनवण्याकडे वळवणे हे त्यातले एक. नवजात बाळ स्वतःचे आयजीए फारच थोडे बनवते, तेव्हा आई तयार आयजीए तर देतेच, शिवाय ते बनवायला लावणारा निरोपही देते. दुसरे काम आतड्यातील, जंतू गिळणाऱ्या बृहत्भक्षक पेशींना (मॅक्रोफेजना) शिस्त लावण्याचे. जन्मानंतर काही दिवसांतच आतड्यात अब्जावधी जिवाणू वस्तीला येतात. त्यांतल्या प्रत्येकाला पाहून या पेशींनी आरडाओरडा केला तर आतडे सतत सुजलेले राहील. जिवाणू गिळून टाका, पण दाह पेटवू नका, हे त्यांना टीजीएफ-बीटाच्या सान्निध्यात शिकायला मिळते.

निरोप शाबूत पोहोचतो याचा मला ठाऊक असलेला सर्वांत बोलका पुरावा उंदरांमधला आहे. टीजीएफ-बीटा-१ चे जनुक काढून टाकलेली पिल्ले जन्मानंतर तीन-चार आठवड्यांनी अनेक अवयवांतील भयंकर दाहामुळे मरतात. प्रश्न असा होता की ती त्याआधीच का मरत नाहीत? १९९४ मध्ये लेटेरिओ आणि सहकाऱ्यांनी दाखवले की आईचे टीजीएफ-बीटा-१ वारेतून आणि दुधातून पिल्लांना मिळत असते आणि तेवढ्यावर ती तग धरतात. दूध सुटण्याच्या वयातच त्यांचा आजार उफाळतो.

विस्तव आणि पाण्याविषयी: टीएनएफ-आल्फा दुधात एकटे येत नाही. त्याला पकडून ठेवणारे विरघळलेले ग्राही (एरवी पेशीवर बसून निरोप स्वीकारणारी प्रथिने) त्याच दुधात असतात, आणि इंटरल्यूकिन-१ च्या ग्राहीवर आधीच जाऊन बसणारे, म्हणजे त्याची जागा अडवणारे प्रथिनही असते. १९९६ मध्ये ब्यूशर आणि मालिनोव्स्का यांनी हे रोधक मानवी दुधात मोजून दाखवले. म्हणून यादीतली नावे वाचून दूध दाहक की दाहशामक हे ठरवता येत नाही. त्या नावांबरोबर कोण सोबतीला आले आहे हेही पाहावे लागते. त्यापुढची गोष्ट म्हणजे एकाच शब्दाचा अर्थ ऐकणाऱ्यानुसार बदलतो. इंटरल्यूकिन-८ हे रक्तातील न्यूट्रोफिल पेशींना ‘इकडे या’ असे सांगते, पण आतड्याच्या अस्तरातील पेशींवरही त्याचे ग्राही असतात आणि प्रयोगशाळेत त्या पेशी त्याच्या सान्निध्यात वाढतात व जखमेकडे सरकतात. दुधातून आतड्याच्या पोकळीत आलेले इंटरल्यूकिन-८ ऐकायला आधी कोण बसले आहे? अस्तराच्या पेशी. त्यामुळे ‘दाहक’ हे विशेषण आपण रक्तातील वर्तनावरून दिले आणि ते दुधालाही तसेच चिकटवले, असे माझे मत आहे.

जाता जाता एक गंमत सांगतो. ‘सायटोकाइन’ हा शब्द १९७४ मध्ये रूढ करणारे स्टॅन्ले कोहेन आणि दुधातही आढळणाऱ्या ईजीएफ या वाढघटकाच्या शोधासाठी १९८६ चे नोबेल मिळालेले स्टॅन्ले कोहेन या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. विद्यार्थी हमखास एकच समजतात.

उत्तर – नवजात_कक्ष

सूक्ष्मदर्शी यांनी शास्त्राची बाजू मांडली आहे, मी ताईंच्या घरच्या प्रश्नाकडे वळतो. नवजात अतिदक्षता विभागात काम करत असल्यामुळे हा प्रश्न मला जवळजवळ रोज ऐकू येतो.

स्तनदाहात दुधातील इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८ आणि टीएनएफ-आल्फा वाढतात हे खरे आहे. दूध बनवणाऱ्या पेशींमधील एरवी घट्ट असलेले सांधे त्या वेळी सैल होतात, रक्तातील सोडियम दुधात उतरते आणि दूध किंचित खारट लागते. काही बाळे त्या बाजूला तोंड लावायला कुरकुर करतात ती त्या चवीमुळे. पण वेळेवर आणि निरोगी जन्मलेल्या बाळाला त्या दुधाने अपाय होत नाही. उलट पाजणे अचानक थांबवले तर दूध तुंबून आईचाच त्रास वाढतो, म्हणून स्तनदाहात पाजणे चालू ठेवावे असाच वैद्यकीय सल्ला असतो. गळू झाले असेल, किंवा एखादे विशिष्ट औषध चालू असेल, तर गोष्ट वेगळी आणि ती उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावी. दोन दिवस दूध फेकले म्हणून मुलीचे काही नुकसान झाले असे मुळीच मानू नका. तुम्ही दूध काढत राहिलात हे महत्त्वाचे होते.

चिकाच्या दिवसांतही दूध बनवणाऱ्या पेशींमधले हे सांधे पूर्ण मिटलेले नसतात. बहुतेक सायटोकाइन्सचे आणि पांढऱ्या पेशींचे प्रमाण चिकात सर्वांत जास्त का असते, याचे एक कारण हेच. आयजीएचेही तसेच असते, चिकात ते दर लिटरला १० ग्रॅमच्याही वर जाऊ शकते आणि पुढच्या दुधात साधारण १ ग्रॅमवर येते.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या बाबतीत या सगळ्याचे मोल वेगळेच असते. त्यांच्या आतड्याच्या पेशी जिवाणूंशी गाठ पडताच प्रमाणाबाहेर इंटरल्यूकिन-८ सोडतात, कारण दाहाला लगाम घालणारी यंत्रणा अजून तयार झालेली नसते. आतड्याचा भाग कुजवणारा एनईसी हा भीषण आजार मुख्यतः याच बाळांना होतो आणि आईचे दूध मिळालेल्या बाळांमध्ये त्याचे प्रमाण कमी असते, हे वारंवार दिसून आले आहे. त्याचे सगळे श्रेय सायटोकाइन्सना देता येणार नाही, कारण दुधातील गुंतागुंतीच्या शर्करा, लॅक्टोफेरिन आणि आयजीए हे सगळे एकाच वेळी काम करत असतात. फार लहान बाळ दूध पिऊ शकत नसेल तेव्हा आम्ही आईच्या चिकाचे काही थेंब त्याच्या गालांच्या आत लावतो. तोंडातील आणि घशातील प्रतिकारपेशींना ते निरोप तिथेच मिळावेत हा त्यामागचा विचार आहे. विचार पटण्यासारखा आहे आणि धोका जवळपास नाही, पण त्याने मृत्यू किंवा एनईसी कमी होतो असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा अजून जमलेला नाही.

साठवणीबद्दल थोडक्यात. गोठवल्यावर दुधातील जिवंत पेशी मरतात, प्रथिने मात्र बरीचशी टिकतात. फ्रीजरमधले दूध सहा महिन्यांच्या आत वापरलेले उत्तम. वितळवताना मायक्रोवेव्ह वापरू नका आणि उकळू तर मुळीच नका, कोमट पाण्यात भांडे धरले की पुरे. दुग्धपेढीत दात्या मातांचे दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवतात. त्यात पेशी मरतात, मेद पचवणारे लायपेज निकामी होते, आयजीए काही अंशी घटते, शर्करा मात्र जशाच्या तशा राहतात. सायटोकाइन्सपैकी टीजीएफ-बीटा त्या तापमानाला बऱ्यापैकी टिकते, इतरांबाबतचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत.

उत्तर – मोजमाप

वरची दोन्ही उत्तरे चांगली आहेत, पण सूक्ष्मदर्शी यांच्या उत्तरात एक विसंगती आहे. एका परिच्छेदात आपण म्हणता की बाळाच्या जठरात आम्ल इतके कमी असते की प्रथिने वाचतात, आणि पुढच्याच परिच्छेदात म्हणता की जठरातील आम्लाने टीजीएफ-बीटाचे पाकीट उघडते. दोन्ही गोष्टी एकाच जठरात कशा घडतील? प्रयोगशाळेत टीजीएफ-बीटा मोजताना आपण नमुन्यात आम्ल घालून ते आधी सक्रिय करतो, तेव्हा सामू २ च्या जवळ आणावा लागतो. बाळाच्या पोटात दूध असताना ती पातळी गाठली जात नाही.

या मोजणीवरूनच माझा मोठा आक्षेप सुरू होतो. एक संशोधक आम्ल घालून एकूण टीजीएफ-बीटा मोजतो, दुसरा न घालता फक्त सक्रिय भाग मोजतो आणि दोघेही लेखात ‘टीजीएफ-बीटा’ एवढेच लिहितात. कुणी मेद काढून टाकलेले दूध वापरतो, कुणी आख्खे. इंटरल्यूकिन-१० दुधाच्या पाणीदार भागात असते तसे मेदाच्या थरातही सापडते, हे १९९५ मध्येच गारोफालो, गोल्डमन आणि सहकाऱ्यांनी नोंदवले होते. मेद फेकला की त्यातला वाटाही गेला. शिवाय चौथ्या दिवसाचे दूध आणि चौथ्या महिन्याचे दूध यांची तुलनाच होऊ शकत नाही. दुधातील टीजीएफ-बीटा आणि मुलांमधील ॲलर्जी यांचा संबंध शोधणारे अभ्यास कधी संरक्षण दाखवतात आणि कधी काहीच दाखवत नाहीत, त्यामागे ही अंदाधुंदी मोठ्या प्रमाणात आहे असे मला वाटते.

उंदरांचा पुरावा देखणा आहे, हे मान्य. २००८ मध्ये फेर्हासेल्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवले की उंदरीण हवेतून एखादे ॲलर्जीजनक प्रथिन हुंगत असेल तर ते तिच्या दुधात उतरते आणि त्याच दुधातील टीजीएफ-बीटाच्या साहाय्याने पिल्ले त्या प्रथिनाला सहन करायला शिकतात, पुढे त्यांना त्याचा दमा होत नाही. पण उंदराच्या पिल्लाचे आतडे दूध सुटेपर्यंत मोठ्या प्रथिनांसाठी बऱ्यापैकी उघडे राहते, तर वेळेवर जन्मलेल्या मानवी बाळाचे त्या मानाने लवकर मिटते. म्हणून लेटेरिओ यांच्या प्रयोगावरून मानवी बाळाच्या हृदया-फुप्फुसापर्यंत आईचे टीजीएफ-बीटा पोहोचते असा अर्थ काढणे घाईचे ठरेल.

माणसांवरील अभ्यासांपैकी मला विचार करायला लावणारा एकच सांगतो. गांबियात काही ऋतूंमध्ये अन्नाचा तुटवडा असतो आणि त्या काळात जन्मलेल्या बाळांची थायमस ग्रंथी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्या टी-पेशी जिथे तयार होतात ती ग्रंथी, लहान आढळली. एनगोम आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये नोंदवले की केवळ स्तनपानावर असलेल्या बाळांमध्ये थायमसचे काम जिथे चांगले होते तिथे आईच्या दुधातील इंटरल्यूकिन-७ चे प्रमाणही जास्त होते. टी-पेशींच्या वाढीला इंटरल्यूकिन-७ लागतेच, त्यामुळे कारणाची साखळी संभवनीय वाटते. तरीही हा सहसंबंध आहे. जिच्या दुधात इंटरल्यूकिन-७ जास्त, तिच्या दुधात आणखी दहा गोष्टी जास्त असू शकतात, आणि बाळाला दूधच अधिक मिळत असेल ही शक्यताही उरते.

उत्तर – सूक्ष्मदर्शी

पाकिटाचा मुद्दा बरोबर पकडलात, माझे वाक्य ढोबळ होते. आम्ल हा टीजीएफ-बीटा मोकळे करण्याचा एक मार्ग आहे, एकमेव नाही. प्रथिने तोडणारी विकरे ते आवरण फोडू शकतात, आणि पेशींच्या पृष्ठभागावरील इंटिग्रिन नावाची प्रथिने आवरण खेचून ते सैल करतात, निदान टीजीएफ-बीटा-१ आणि ३ यांच्या बाबतीत तरी. टीजीएफ-बीटा-२ च्या आवरणाला इंटिग्रिनची ती पकड नसते, त्यामुळे दुधातल्या मुख्य प्रकाराला विकरांवर किंवा जठर रिकामे होत असताना वाढणाऱ्या आम्लतेवरच अधिक विसंबावे लागत असणार. काही अंश दुधातच आधीपासून सक्रिय असतो, तो वेगळा.

मानवी बाळांच्या बाबतीत मात्र मी थोडा कमी संशयी आहे. २००९ मध्ये ग्लॉकर आणि सहकाऱ्यांनी इंटरल्यूकिन-१० च्या ग्राहीत जन्मजात दोष असलेली मुले शोधली, त्यांना अगदी लहान वयातच आतड्याचा अतिशय तीव्र दाह झाला होता. निरोप कुणाकडून आला हे त्यातून कळत नाही, कारण दोष ऐकणाऱ्या बाजूला होता. पण आयुष्याच्या पहिल्या महिन्यांत मानवी आतडे या निरोपावाचून शांत राहू शकत नाही, एवढे त्यातून निश्चित होते, आणि नेमक्या त्याच महिन्यांत दुधातून तो निरोप येत असतो.

प्रश्नकर्ती – शांतनिळी

सर्वांचे मनापासून आभार. इन्सुलिनचे उदाहरण पुन्हा कधी वर्गात द्यायची वेळ आली तर ‘प्रौढाच्या जठरात’ हे दोन शब्द जोडीन. एक शंका राहिली: बाळ आजारी पडले की आईचे दूध त्याप्रमाणे बदलते असे सर्वत्र वाचायला मिळते. हे सिद्ध झालेले आहे का?

उत्तर – मोजमाप

निरीक्षण खरे आहे, स्पष्टीकरण अजून अर्धवट आहे. बाळाला संसर्ग झालेला असताना दुधातील पांढऱ्या पेशी वाढतात, हे रिस्किन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये आणि हासिओटू आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये वेगवेगळे नोंदवले. रिस्किन यांच्या अभ्यासात बाळाच्या आजारपणात टीएनएफ-आल्फाही चढलेले होते. आता आईच्या स्तनाला बाळाचा आजार कसा कळतो? दूध पिताना काही दूध नलिकांमधून मागे सरकते हे अल्ट्रासाउंडमध्ये दिसलेले आहे, त्यामुळे बाळाच्या लाळेसोबत जंतू आत शिरत असावेत असा एक तर्क आहे. पण आई आणि बाळ एकाच घरात, एकाच हवेत असतात आणि बहुतेक वेळा तोच विषाणू आईच्याही नाकात शिरलेला असतो, मग तिला लक्षणे असोत वा नसोत. या दोन शक्यता वेगळ्या करायच्या तर आजारी बाळ आणि संसर्ग न झालेली आई अशा जोड्या निवडून, आईची तपासणी करून मोजमाप करावे लागेल.

उत्तर – नवजात_कक्ष

आमच्या विभागातली कित्येक बाळे काचेच्या पेटीत असतात आणि आई दूध पंपाने काढून पाठवते, म्हणजे लाळ मागे जाण्याचा प्रश्नच नाही. मोजमाप यांना हवी असलेली तुलना कुणाला करायची असेल तर सुरुवात अशा जोड्यांपासून करता येईल.